माझ्या आईचे नाव मराठी

मी एक जुना शब्द आहे. म्हातारा म्हणाल तर चावेन. इंग्रजीत मला ‘मॉन्गूस’ म्हणतात. माझे पाळण्यातले नाव मुंगूस.

मित्रांनो, माझी आजी दक्षिणेतली. ती तेलुगू की कन्नड, यावर विद्वान अजून भांडतात, भांडोत बापडे. आई मात्र मराठी. तिच्या अंगणात मुले मला हाक मारत आणि रामाची शपथ घालून ‘तोंड दाखव’ म्हणत. सतराव्या शतकाच्या अखेरीस साहेबाने साप मारणारा तो चपळ प्राणी पाहिला आणि त्याचे नाव उचलले. मी भीक मागत विलायतेला आलो नव्हतो, हे लिहून ठेवा. तेव्हापासून मी जाडजूड शब्दकोशांत बसलो आहे. शेजारी आईचे नाव आहे, पण ते वाचतो कोण?

गेल्या महिन्यात लंडनमधल्या स्टॅनमोरच्या एका शाळेत मुलांना एकेका शब्दाची वंशावळ काढायला सांगितली. नऊ वर्षांच्या मालविकाने मला निवडले. झाडाच्या मुळाशी तिने ठळक ‘मराठी’ लिहिले. मला केवढा आनंद झाला!

तिची आई सुचेता मूळची पुण्याची. तिने कागद पाहिला आणि खोडरबर घेतले.

“अगं, मराठी कोणाला कळणार इथे? हिंदी लिही.”

“पण मम्मी, डिक्शनरीमध्ये मराठी दिलं आहे!”

“असू दे गं. ऑफिसमध्ये मी पण हिंदीच सांगते. इझी पडतं.”

त्यापेक्षा साप परवडला, तो निदान समोरून येतो. घरच्यांनीच आईचे नाव पुसले तर मी लढू कोणाशी? हिंदीशी माझे वैर नाही, ती माझी मावशी. पण माय मरो, मावशी जगो, असे म्हणायला माझी माय मेलेली नाही!

दुसऱ्या दिवशी ‘हिंदी’ लिहिलेला कागद वर्गाच्या भिंतीवर लागला. बाईंनी कौतुकाने विचारले, “सो यू स्पीक हिंदी अॅट होम, मालविका?”

तिला हिंदी धड येतही नव्हती. तिचे कान लाल झाले. ती उठली, जाड पेनने ‘हिंदी’वर काट मारली आणि वर ‘मराठी’ लिहिले.

“नो, मिस. वी स्पीक मराठी.”

“मराठी? व्हॉट्स दॅट?”

मालविका सांगू लागली. अडखळत, पण सांगत राहिली.

मित्रांनो, देश बदला, पासपोर्ट बदला, माझी हरकत नाही. पण कोणी विचारले तर आईचे खरे नाव सांगा. समोरच्याला कळले नाही, तर कळेपर्यंत सांगा.