गुंता खाली, चूक वर

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. भंगाराच्या ढिगात, एका मोडक्या पंख्याखाली पडले आहे. दयामाया नको. वेळ असेल तर फक्त ऐका.

नवी होते तेव्हा माझ्या काळ्या अंगावर सोनेरी वेल होती. दवाखान्यांचे अंगरखे शिवणाऱ्या एका शेडमध्ये मला मांडलं आणि माझ्यापुढे मावशी बसली. वीस वर्षं आमची जोडी. सुई बोथट झाली की ती लगेच बदलायची, खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या, म्हणजे बॉबिनच्या, खाचेतला भुगा ब्रशने काढायची, आणि दोरा ओवण्याआधी कापड दाबणारा माझा पाय न चुकता उचलायची. पाय वर असला की वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या उघडतात, दोरा त्यांच्यात नीट बसतो. पाय खाली ठेवून ओवला, तर दोरा मोकाट सुटतो आणि कापडाखाली गुंता होतो. एवढी साधी गोष्ट!

पुढे मावशीची नजर अधू झाली. तिने सख्ख्या भाचीला माझ्यापुढे बसवलं, हाताला धरून सगळं शिकवलं, आणि आपण कोपऱ्यात बॉबिन भरू लागली.

मग नवा मुकादम आला. खिशात सदैव स्क्रूड्रायव्हर. काहीही बिघडलं की हा स्क्रू पिळणार, म्हणून शेडमधल्या बायकांनी त्याचं नाव ठेवलं पिळ्या. त्याने फर्मान काढलं, "दोरा तुटला तर पाय उचलत बसू नका. तसाच ओवा. वेळ खाताय नुसता."

भाचीने मान डोलावली.

आठवड्याभरात अंगरख्यांचा गठ्ठा परत आला. शेडच्या मालकांनी एक उलटा करून पाहिला. आत दोऱ्यांचं घरटं.

"बॉबिन कोण भरतं?"

"मावशी," पिळ्या म्हणाला. "दिसतंय कुठे तिला?"

मावशी उठली. "मालक, गुंता खाली दिसतो, पण चूक वरच्या दोऱ्याची आहे. पाय उचलून ओवा, दोन टाके घालून बघा. बॉबिनला हातसुद्धा लावू नका."

"म्हातारे, आता तू मला शिकवणार?" पिळ्या गुरकावला.

"तुला नाही रे बाबा. ज्याला शिकायचंय त्याला शिकवते मी."

बायका खळखळून हसल्या. ते हसू मावशीला भोवलं.

"उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाले.

मावशीने भाचीकडे पाहिलं. भाची माझ्या चाकाकडे बघत बसली. मावशीने चष्मा पदराला पुसला आणि ती गेली.

दुपारी, कुणाचं लक्ष नाही असं बघून, भाचीने माझा पाय उचलला आणि दोरा ओवला. शिवण खालून-वरून सारखी, सरळ.

"बघा!" पिळ्या ओरडला. "म्हातारी गेली, मशीन सुधारली!"

भाचीने पुढचा अंगरखा माझ्या पायाखाली सरकवला.

पुढे पिळ्याने पिळून पिळून माझ्या ताणाच्या स्क्रूचे आटे घालवले आणि मला इथे फेकलं. त्याचं दुःख नाही. मित्रांनो, दोरा ओवण्याआधी पाय उचला. गुंता दिसला तर आधी वर बघा, खालच्याच्या नावाने बोंब मारू नका. आणि खरं माहीत असेल तर बोला. मला तोंड नव्हतं. भाचीला होतं.