फरशीवरचा थेंब

नवी गाडी चौदा मेला आली आणि त्याच संध्याकाळी रूपर्टने बंबघराच्या दारात कापडी सपातांचे नऊ जोड मांडून ठेवले. गाडीत चढायचं तर बूट काढून.

आमचं काल्टनरीड सहाशे चाळीस माणसांचं गाव. अग्निशमन दलात बावन्न जण, सगळे स्वयंसेवक. रूपर्ट दलाचा प्रमुख, त्याचं फर्निचरचं दुकान आहे. मी गावच्या कचेरीत कारकून आणि दलाची चिटणीस. भोंगा कधी वाजला, कोण आलं, काय केलं, याची नोंदवही माझ्याकडे असते. इथे पगार कुणालाच नाही. भोंगा वाजला की हातातलं टाकून धावायचं, एवढाच करार. जुनी गाडी एकोणतीस वर्षं या कराराला जागली. तिच्यात चढताना कुणी कुणाच्या बुटांकडे पाहिलं नव्हतं. नवी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आम्ही जुनीला हार घालून परदेशातल्या एका गरीब गावाच्या दलाला देऊन टाकली, कारण बंबघरात दोन गाड्या मावत नव्हत्या.

नवी गाडी घेतली ती डोंगरावरच्या नऊ शेतघरांसाठी. तिथे रस्त्यावर आगीचा नळ नाही. शेवटचा नळ पुलापाशी, त्यापुढे चार वळणं. जुन्या गाडीत हजार लिटर पाणी मावायचं, नवीत तीन हजार. ती मिळावी म्हणून डोंगरावरच्या बुर्गल स्टाडलिंगरने सहा वर्षं कचेरीचे उंबरे झिजवले. तिचे अर्ज मीच घ्यायचे. दर वेळी ती एकच वाक्य बोलायची, "गेर्लिंद, आमच्याकडे पाणी चढत नाही, तर ते चाकांवरून तरी येऊ दे."

म्हणून गाडीची धर्ममाता म्हणून बुर्गललाच निवडलं. आमच्याकडे नव्या बंबावर पाद्री पवित्र पाणी शिंपडतो, धर्ममाता आरशाला फीत बांधते, मग बँड, बिअर, भाजलेले सॉसेज आणि आजूबाजूच्या अकरा गावांची दलं. तारीख ठरली वीस जून, रविवार. तोपर्यंत गाडीला ओरखडा येता कामा नये, हा रूपर्टचा हुकूम. चालकासमोरच्या पडद्यावरची निळी संरक्षक फिल्मसुद्धा काढायची नव्हती. त्या फिल्ममधून टाकीचा दिवा हिरवा आहे की लाल, ते कळत नसे. एंगलबर्ट, आमचा चालक आणि पंपवाला, वय एकसष्ट, एकदा म्हणाला, "गाडी चालवायला दिलीय की बघायला?" सगळे हसले. फिल्म राहिली.

सोमवारी संध्याकाळी मी बंबघरात गेले तेव्हा रूपर्ट गाडीखाली गुडघ्यांवर बसला होता. नव्या फरशीवर नाण्याएवढा ओला डाग होता.

"टपकतेय," तो म्हणाला. "टाकीच्या नळातून. मिनिटाला एक थेंब."

"मेकॅनिकला बोलाव."

"तो पुढच्या बुधवारी येतो म्हणतोय. रविवारी पाद्र्यासमोर ही अशी मुतत उभी राहणार? चर्चपुढची फरशी नवी आहे. टाकी रिकामी करून टाकू. रविवारी दुपारी भरू."

"आणि आग लागली तर?"

"गेल्या वर्षी आपण किती आगी विझवल्या, सांग. वही तुझ्याकडे आहे."

"दोन."

"मग. सहा दिवसांत तिसरी लागणार आहे होय?"

त्याने नळ सोडला. तीन हजार लिटर पाणी गटारात गेलं, वीसेक मिनिटं लागली. मी वहीत लिहिलं: सोमवार, १९.४०, टाकी रिकामी केली. खाली सही केली. एंगलबर्ट त्या दिवशी गवत कापायला भावाकडे गेला होता. त्याला कुणी सांगितलं नाही. मीही नाही. नोंद केली म्हणजे काम झालं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

गुरुवारी दुपारी दोन अठराला भोंगा वाजला. पाच मिनिटांत नऊ जण जमले. कामाच्या दिवशी दुपारी तेवढेच जमतात. बेकरीवाल्या पोऱ्याने, म्हणजे चाळिशीच्या लिओपोल्डने, भोंगा वाजत असताना बूट काढून सपाता चढवल्या. महिन्याभराची सवय. ते त्याच्याही लक्षात आलं नाही, आमच्याही नाही. तो सपाता घालूनच आगीवर आला.

बुर्गलच्या गोठ्यावरच्या माळ्यात ओलं गवत भरलं गेलं होतं, ते आतून तापून पेटलं. गाडी पुलावरून गेली तेव्हा डाव्या बाजूला शेवटचा लाल नळ दिसला आणि मला माझी सही आठवली. तिथेच बोलायला हवं होतं. पाच मिनिटांत टाकी भरली असती. मी दोन वळणं शब्द जुळवत बसले. तिसऱ्या वळणावर म्हणाले, "टाकी रिकामी आहे."

एंगलबर्टने मान वळवली नाही. "काय म्हणालीस?"

"सोमवारी सोडली. थेंब पडत होता म्हणून."

"रूपर्ट?"

"पुढे चल," रूपर्ट म्हणाला. "वर बघू."

भोंगा चालू होता, आणि नव्या गाडीचा भोंगा फार सुरेल आहे.

बुर्गल अंगणात उभी होती. घर आणि गोठा यांच्यात सहा पावलांचं अंतर. मोठी जनावरं कुरणात होती, पण गोठ्यात चार वासरं बांधलेली होती आणि दार आतून पेटलं होतं. तिच्या हाताला भाजलं होतं. ती एकदा आत जाऊन परत आली होती. आम्हाला पाहून ती बाजूला झाली, हात दाखवून म्हणाली, "आधी दारावर मारा. दारामागेच आहेत."

आमच्यापैकी चौघांनी नळी उलगडली. शिकवलेलं होतं, हात आपोआप चालले. नोझल धरलेला माणूस दारासमोर गुडघ्यावर बसला आणि मागे बघत राहिला. पाणी येणार नाही, हे गाडीतून उतरलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरीही आम्ही नळी उलगडली.

"पाणी का नाही?" बुर्गलने विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी वायरलेसवर शेजारच्या दलांना बोलवत होते, ते बरंच झालं. तोंड कशात तरी गुंतलेलं होतं. ती दलं सतरा मिनिटांवर होती.

तेवढ्यात खालच्या शेतातून किलियन ट्रॅक्टर घेऊन आला. बुर्गलचा शेजारी. मागे शेणमुताचा टँकर, आठ हजार लिटरचा. पहिलं गवत कापल्यावर सगळे शेतात शेणकाला पसरतात, तो तेच करत होता. अर्धा टँकर भरलेला होता, पाणी घालून पातळ केलेला.

एंगलबर्टने पंपाची जाड नळी ओढली. "लाव इकडे. जाळी आहे पंपाला, घेईल तो."

रूपर्ट मधे आला. "यात नाही."

"काय?"

"नवा पंप आहे, एंगलबर्ट. शेण अडकलं की गेला. वॉरंटी जाईल. रविवारी गाडी वासानिशी चर्चपुढे न्यायची का?"

पंप तुंबला असता, हे अगदीच खोटं नव्हतं. पाच मिनिटांनी तुंबला असता, कदाचित दहा. वासरांना तेवढी पुरली असती.

"आत चार जनावरं आहेत," एंगलबर्ट म्हणाला.

"शेजारची दलं येतायत. आणि गाडी जरा मागे घे. ठिणग्या उडतायत."

एंगलबर्टने नळी खाली टाकली. तो गाडी मागे घ्यायला गेला नाही. लिओपोल्ड गेला, सपाता घालून, आणि त्याने नवी गाडी तीस मीटर मागे नेऊन अक्रोडाच्या सावलीत लावली.

किलियनने ट्रॅक्टरवरून हे सगळं ऐकलं. तो एवढंच म्हणाला, "सरका रे, साहेबलोक," आणि टँकर उलटा घेऊन मागच्या फवाऱ्याचा दांडा ओढला. शेणकाला आधी गोठ्याच्या दारावर गेला. दार विझलं, पण त्याच वेळी वरचं छत आत बसलं. आतला आवाज थांबला. तो आवाज मी वहीत लिहिला नाही, इथेही लिहीत नाही. मग किलियनने टँकर घराकडे वळवला आणि उरलेला सगळा माल घराच्या भिंतीवर मारला. खिडक्या, पडदे, दारावरची, आगीपासून राखणाऱ्या सेंट फ्लोरियनची मूर्ती, सगळं हिरवट तपकिरी झालं. घर वाचलं. आम्हीही भिजलो, केसांपर्यंत. अंगणात कोरडी आणि स्वच्छ एकच वस्तू उरली होती, ती अक्रोडाखाली उभी होती.

संध्याकाळी बंबघरात रूपर्टने मला नोंद सांगितली. "लिही. पाणीपुरवठ्यात अडचण आली. शेतकऱ्याच्या सहकार्याने घर वाचवलं."

"आणि वासरं?"

"जनावरांची हानी. तेवढं पुरे."

मी ते लिहिलं. वर सोमवारची ओळ होतीच. ती त्याने वाचली नाही. एंगलबर्टने त्याच रात्री टाकी काठोकाठ भरली, पडद्यावरची निळी फिल्म नखाने ओरबाडून काढली आणि चावी माझ्या टेबलावर ठेवली. "रविवारी दुसरा चालक बघा," तो म्हणाला. "मला सपाता घट्ट होतात."

शनिवारी दुपारी मी नावांची यादी द्यायला बंबघरात गेले. चाकांना काळं पॉलिश लावायचं काम चाललं होतं. टाकीचा नळ उघडा होता आणि पाणी गटारात वाहत होतं. मी रूपर्टकडे बघितलं.

"अशी बघू नकोस," तो म्हणाला. "उद्या दुपारपर्यंतचाच प्रश्न आहे. भरली तर पुन्हा टपकतेय."

"परवा काय झालं ते—"

"परवा झालं ते झालं. म्हणून काय गावाची शोभा करायची अकरा गावांपुढे?"

पॉलिश लावणाऱ्या तिघांपैकी एकानेही मान वर केली नाही. ते तिघेही गुरुवारी अंगणात होते.

त्या वेळी मी वहीत काही लिहिलं नाही. वही काखेत घेतली आणि डोंगरावर गेले. बुर्गल भिंत घासत होती, एका हाताला पट्टी. मी तिला दोन्ही नोंदी दाखवल्या, सोमवारची आणि गुरुवारची, आणि आज काय पाहिलं ते सांगितलं. माझी सही तिने बोटाने दाबून धरली, जणू ती पुसली जाते का ते बघत होती.

"पुलापाशी आठवलं होतं तुला?"

"हो."

ती भिंतीकडे वळली. खिडकीखालची जागा घासून काढली. मग म्हणाली, "उद्या कितीला आहे?"

"दहाला. तू नाही आलीस तरी कुणी—"

"येते. धर्ममाता आहे ना मी."

रविवारी ऊन होतं. चर्चपुढे अकरा दलं रांगेत, बँड, सरपंच, पाद्री हातात पवित्र पाण्याचं भांडं घेऊन. गाडीवर फुलांची माळ. रूपर्ट गणवेशात, पांढरे हातमोजे. दहा वाजले, दहा दहा झाले, धर्ममातेचा पत्ता नाही. मग वरच्या रस्त्याने ट्रॅक्टरचा आवाज आला. किलियन चालवत होता, बुर्गल शेजारी, कामाच्या कपड्यांत. मागे तोच टँकर, घासून धुतलेला. तरी वास होता. पहिल्या रांगेतल्या बायकांनी रुमाल काढले.

बुर्गल उतरली आणि रूपर्टसमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. "झऱ्याचं पाणी आहे. तीनदा धुतलाय टँकर. भर."

"बुर्गल, हे नंतर—"

"भरल्याशिवाय मी फीत बांधायची नाही. आणि कोरड्या गाडीवर पाणी शिंपडून फादरनी काय करायचंय?"

पाद्री म्हणाला, "थांबतो मी. घाई नाही."

रूपर्टने आजूबाजूला पाहिलं. एंगलबर्टच्या जागी घेतलेला चालक हलला नाही. मग त्याने स्वतः नळी ओढली आणि जोडणी घट्ट केली. पांढरे हातमोजे तपकिरी झाले. टाकी भरायला नऊ मिनिटं लागली.

लोक काय समजले, ते नवव्या मिनिटाला कळलं. सरपंचाने माइक घेतला आणि म्हणाला, "आपल्या धर्ममातेने नव्या गाडीला आपल्या हाताने पहिलं पाणी दिलं. जोरदार टाळ्या." अकरा दलांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या दलानेही वाजवल्या. रूपर्टनेही, त्या हातमोज्यांनी, हसत. मंगळवारच्या पेपरात फोटो आला: रूपर्ट आणि बुर्गल, मधे नळी, खाली "एक हृद्य प्रसंग".

टाळ्या चालू असताना गाडीखाली थेंब पडायला लागला. नव्या फरशीवर, मिनिटाला एक. बुर्गल ट्रॅक्टरकडे गेली आणि एक बादली घेऊन आली, निळी, काठाला दातांच्या खुणा असलेली. वासरांना दूध पाजायची. तिने ती वाकून नळाखाली बरोबर थेंबावर ठेवली.

"घरी हिचं आता काम नाही," ती म्हणाली. मग आरशाला फीत बांधली आणि बिअरसाठी न थांबता किलियनबरोबर निघून गेली.

मेकॅनिक बुधवारी आला, त्याने एक रबरी चकती बदलली आणि थेंब बंद झाला. बादली तिथेच आहे. रूपर्टने दोनदा सांगितलं की ती हलवा, दिसायला बरी दिसत नाही. ती कुणीही हलवलेली नाही. चांगुलपणाने नाही, बहुतेक कुणाला तिला हात लावायचा नसतो. मी वहीत लिहिलं: रविवार, १०.१४ ते १०.२३, टाकी भरली. खाली सही केली. मग पान उलटून गुरुवारची नोंद काढली आणि "जनावरांची हानी" खोडून तिथे "चार वासरं" लिहिलं, आणि शेजारी पुलाजवळच्या शेवटच्या नळाचा क्रमांक.