भेगेखालची चांदणी

चांदणी नेमकी कुठं लावायची ते शिवलिंग सरांनी मला पट्टीनं दाखवलं. बालवाडीच्या वर्गात, छताच्या मधोमध.

"सगळ्यात मोठी इथं. बाकीचं तुमच्या मनानं करा. नाताळ झकास झाला पायजे लुबना मॅडम, मग जानेवारीपासून तुम्ही कायम."

मला मॅडम म्हणणारा तो पहिला माणूस. कायम झाले तर देगलूरचं स्थळ परत जाणार होतं, अम्मीनं तसं कबूल केलं होतं. नाही झाले तर मार्चमध्ये निकाह आणि बी.ए.ची पुस्तकं रद्दीत. मी हसत हसतच मान वर केली. पट्टीच्या टोकाला भेग होती.

पंख्याच्या हुकापासून निघून थेट भिंतीपर्यंत गेलेली. तीन वर्षांपूर्वीच्या भूकंपातली. वरून चुना फासला होता, तो फोडून ती पुन्हा बाहेर आली होती. खाली छोट्या गटाची पंचेचाळीस लेकरं बसायची. वर सरांचाच बारावीचा क्लास, दोनशे पोरं. तो मजला भूकंपानंतर चढवलेला. त्या वर्षांत लातुरात ज्याच्याकडं जागा होती तो मजला चढवत होता. जमीन हलली ते लोक विसरले, मेरिट लिस्ट विसरले नाहीत.

सरांनी एका इंग्रजी मासिकाची फाडलेली पानं दिली होती. घरच्या घरी नाताळची सजावट, सोप्यात सोपी. त्यातलं निम्मं सामान लातुरात मिळत नव्हतं. झाडाच्या जागी मी बाभळीची फांदी वाळूच्या डब्यात उभी केली. काट्यांना कापूस छान अडकतो. अंड्यांचे ट्रे कापून, चंदेरी रंग देऊन घंटा केल्या. घोटीव कागदाच्या पट्ट्या कापून लेकरांना साखळ्या चिकटवायला लावल्या. अर्धी खळ कागदाला, अर्धी केसांना.

चांदणी मात्र अब्बांनी केली. मकबूल सेहरेवाले म्हणून त्यांना गल्लीत ओळखतात. लग्नाचे सेहरे, मोहरमचे ताबूत, संक्रांतीचे पतंग, सगळं कागदाचंच. बांबूच्या दहा कामट्या घेतल्या, पाच-पाचाच्या दोन चांदण्या बांधल्या, टोकाला टोक जोडलं. मधे बोटाएवढ्या पाच काड्या उभ्या केल्या की चांदणीचं पोट फुगतं. वरून लाल पतंगी कागद.

"ये तो अपना ताबूत का काम है बेटा," ते म्हणाले आणि खूश झाले.

दुसऱ्या दिवशी हुक ठोकायला ते शाळेत आले. शिडीवर चढले ते उतरेचनात.

"अब्बा, काय झालं?"

त्यांनी भेगेत बोटाचं नख घातलं. अख्खं नख आत गेलं. "हुक नाही ठोकत मी हितं."

मग खिशातून पतंगी कागदाची एक पट्टी काढली आणि भेगेवर आडवी चिकटवली. "भूकंपाच्या टायमाला इंजिनिअर लोक काचेची पट्टी लावून राहिले होते ना, तसंच हे. भेग मेलेली असली तर कागद राहील. जिती असली तर फाटेल."

तेव्हापासून माझी मान वरच. लेकरांना साखळी शिकवताना वर. हजेरी घेताना वर. अकरा वाजता वरचा क्लास सुटायचा, बाकं सरकायची, दोनशे जोडी पाय जिन्याकडं पळायचे, आणि बाभळीच्या कापसावर वरून बारीक चुना पडायचा.

एकदा सर दारातच उभे होते. "बघा रे, आपला बर्फ आपोआप पडून राहिला!"

लेकरांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेतल्या लेकरांच्या केसांतला चुना झटकला.

बाहेर अंगणात कडुलिंबाचं झाड होतं. त्याखाली चतुराबाई बसून असायच्या, पहिल्या रांगेतल्या पुनमच्या आजी. त्यांचं गाव भूकंपात गेलं, सून गेली, नात तेवढी ढिगाऱ्यातून निघाली. बाई स्लॅबखाली पाय ठेवायच्या नाहीत. शाळा सुटेपर्यंत झाडाखाली. मी उरलेला कागद त्यांना द्यायचे, त्या भराभर साखळ्या करायच्या.

"ह्यो सण तुमचा का मॅडम?"

"नाही आजी, आम्ही मुसलमान."

"मंग सरांचा?"

"सर लिंगायत आहेत."

"मंग कुणासाठी करून राहिलो गं आपण हे?" आणि त्या पोट धरून हसल्या.

तेवीस तारखेला, क्लास सुटल्यावर, मी वर पाहिलं. पट्टी मधोमध फाटली होती. ब्लेडनं कापल्यासारखी. दोन्ही टोकं भेगेच्या दोन्ही बाजूंना घट्ट.

मी सरांच्या ऑफिसात गेले.

"कागद आहे मॅडम," सर म्हणाले. "कागद फाटतो."

"ओढल्याशिवाय नाही फाटत सर."

"तुमचे वडील इंजिनिअर आहेत का?"

"सेहरेवाले आहेत."

"मग सेहरे बांधू द्या ना त्यांना. तुमच्या लग्नातही बांधतील." स्वतःच हसले. मग हसणं आवरून म्हणाले, "उद्या नव्या ॲडमिशनचे पालक येणार. त्यांची नजर चांदणीवर राहिली पायजे, छतावर नाही. जमत नसेल तर सांगा. रांगेत दुसऱ्या हायत."

मी "जमेल" म्हणाले. भेकडासारखं. घरी अम्मीनं भाकर वाढली. भेगेच्या खाली कोण कोण बसतं ते मी बोटांवर मोजत होते. पुनम. तिच्या शेजारी अमान, ज्याला नाक पुसता येत नाही. तिसरी अलीझा. पुढं मोजवेना.

अब्बा एवढंच म्हणाले, "चांदणी लाव नाही तर नको लाव. पण नंतर मला म्हणू नको की दिसलं नव्हतं."

चोवीसला सकाळी सातला आम्ही दोघांनी सगळं लिंबाला टांगलं. साखळ्या, घंटा, खाली बाभळीची फांदी. चांदणी सर्वात उंच फांदीला. आत काहीच नाही. सुताची गाठ अब्बांनीच मारली.

पालक आले, खूश झाले. सर आले, पालकांसमोर हसले. "मुलांना मोकळी हवा! ही आपली पद्धत." माझ्याजवळ येऊन दातांतून म्हणाले, "भाषण झालं की सगळ्यांना आत घ्यायचं. खाऊ आत वाटायचा. समजलं?"

मला समजलं.

भाषण संपलं. सर म्हणाले, "चला मुलांनो, आत!" पुनम उठली.

तेव्हा चतुराबाईंनी भर गर्दीत विचारलं, "मॅडम, समदं भायेरच का टांगलं? आत एक बी न्हाई?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. देगलूर डोळ्यांसमोर आलं. तरी तोंडातून निघालं ते असं: "आजी, आत छताला भेग आहे. वाढून राहिली. कागद लावला होता, काल फाटला."

"प्लास्टरची आहे ती!" सर ओरडले. "नुसती वरवरची!"

"मंग सर," चतुराबाई म्हणाल्या, "तुमी जाऊन बसा की आत. वरला क्लास सुटस्तोवर. आमी हितं थांबतो."

अकराला पाच कमी होते. सरांनी घड्याळ पाहिलं, दाराकडं पाहिलं, घाम पुसला. "काहीतरी खुळ्यासारखं," म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.

वर बाकं सरकली. पाय धडधडले. उघड्या दारातून सगळ्यांना दिसलं, रिकाम्या सतरंजीवर पांढरं पीठ सांडावं तसा चुना पडला. एका बापानं लेकराला कडेवर उचललं. मग दुसऱ्यानं. गेटवर गर्दी झाली.

"तुम्ही उद्यापासून यायचं नाही," सर मला म्हणाले.

"उद्या नाताळची सुट्टीच आहे सर."

एवढं बोलून मला रडू फुटलं, ते खोटं कशाला सांगू. पण तेवढ्यात वरच्या क्लासच्या साडेअकराच्या बॅचच्या सायकली आत यायला लागल्या. वह्या पोटाशी खोचलेली किनवट, अहमदपूर, उदगीरकडची पोरं. त्यांचे आईबाप तिथं नव्हते. त्यांना कोण सांगणार?

अब्बा शिडी लावून झाडावर चढले, चांदणी काढली, आणि जिन्याच्या तोंडाशी दोन्ही कठड्यांना सुतानं आडवी बांधली. कागद तो, एका लाथेत फाटला असता. पहिला पोरगा तिच्यापुढं येऊन थांबला. मागचे त्याच्यावर आदळले.

"मॅडम, हे काय? वर जायचं नाही का?"

मी नाक पुसलं आणि सांगायला लागले.