लोढणं

शेजाऱ्याच्या शेळ्यांमागे धावायची काबऱ्याची खोड काही जाईना, तेव्हा चुडामणने त्याच्या गळ्यात बाभळीचं लोढणं अडकवलं. द्वाड गुराच्या गळ्यात ओंडका बांधतात, मग कुत्र्याने काय घोडं मारलंय?

काबऱ्या सुधारला. धावणं तर सुटलंच, चालणंही सुटलं. पुढचा पाय अधांतरी धरायचा, पंजा चाटून चाटून सोलून काढायचा, झोपेतून केकाटत उठायचा. पायात काटा नाही, सूज नाही. शेवटी चुडामणने पुनाला बोलावलं. गुरांना डाग द्यावा तर पुनानेच, अशी त्याची ख्याती. गुरं बरी होतात का, हे मात्र कुणी विचारत नसे. विळा चुलीत तापू लागला.

चुडामणची बायको झुंबरबाई नुकतीच चाऱ्याचा भारा टाकून ओट्यावर टेकली होती. जीव नुसता शिणला होता. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत आगआग करत होता, तो मांडीवर चोळत ती बसली. रोजचंच होतं. ना जखम, ना सूज. दाखवणार काय आणि कुणाला? समोर काबऱ्या पंजा चाटत होता. मान हलवायची नाही म्हणून नुसते डोळे वर करून बघत होता. डोक्यावर भारा असला की तीही अशीच बघते.

ती उठली. तिने काबऱ्याचा पंजा दाबला, तो गप्प राहिला. मानेवर नुसती बोटं टेकली, तर केवढ्यांदा ओरडला!

"पायमा काहीच नही," ती म्हणाली. "दुखनं मानमा शे. डाग देऊ नका."

"अक्का, कुत्रं पायवर चालस, मानवर नही," पुना हसला आणि लाल झालेला विळा घेऊन पुढे आला.

वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. ती काबऱ्याच्या पुढ्यात फतकल मारून बसली. "पहिले माले द्या."

पुना विळा टाकून निघून गेला.

सकाळी बैलगाडीत गोणपाट अंथरून दोघांनी काबऱ्याला अमळनेरच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मान हलकेच चाचपली. "मानेतली शीर दबलीय. कळ पायात उतरते, मुंग्या येतात, म्हणून पंजा चाटतो. हे लोढणं आधी काढा. गळ्यात दोरीसुद्धा नको, पट्टा छातीला बांधा. खाली मऊ अंथरा, पाणी उंचावर ठेवा, उड्या मारू देऊ नका. मी देतो तेवढंच औषध. माणसांच्या गोळ्या चारू नका. आणि आराम. मानेवर भार असेल तर शीर बरी व्हायची नाही."

चुडामणला फार लागलं ते. घरी येताच त्याने लोढणं चुलीत घातलं, विटा रचून त्यावर पाण्याची परात ठेवली, आपली घोंगडी काबऱ्याखाली अंथरली. झुंबरबाई बघत राहिली. मग भाऱ्याखाली डोक्यावर घ्यायची कापडी चुंबळ उचलून शेताकडे निघाली. म्हशी उपाशी होत्या. चुडामणही विळा घेऊन मागोमाग आला.

चारा कापून झाला, भारा बांधून झाला. तिने डोक्यावर चुंबळ ठेवली.

"मन्हा हातलेबी अशाच मुंग्या येतस," ती म्हणाली. "रोज."

चुडामण थबकला. "मंग सांगं का बरं नही?"

"कुत्रं वरडनं, म्हनीसन तुम्हले समजनं."

गावात भारा बाईच्याच डोक्यावर. पुरुषाने चुंबळ घ्यायची रीत नव्हती. चुडामणने तिच्या डोक्यावरची चुंबळ काढून आपल्या डोक्यावर ठेवली. ती वाकडी बसली होती. झुंबरबाईने डाव्या हाताने ती सरळ केली.