तुळशीचं पाणी आणि बाद पंख

क्रुशेवो गावाच्या डोंगरमाथ्यावर सकाळपासून झुंबड उडाली होती. वैमानिक आपापले जुने पॅराग्लायडर, म्हणजे उडायचे कापडी पंख, गवतावर पसरून रांगेत उभे होते. मधोमध दृष्ट काढणारे त्सेले आजोबा. हातात तुळशीची जुडी, पायाशी झऱ्याच्या पाण्याची बादली.

"फुंका!" आजोबा गरजले.

एकानं पंखाचं कापड तोंडाला लावून फुंकलं. श्वास सहज आरपार गेला.

"दृष्ट लागलीय पंखाला! म्हातारा झालाय बिचारा!" आजोबांनी पाणी शिंपडलं, पुटपुटत तळव्यानं कापड चोळलं. "आता फुंका!"

त्याचे गाल फुगले, डोळे बाहेर आले, पण श्वास काही जाईना. लोकांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

पंखांची तपासणी-दुरुस्ती करणारी रुमेना धापा टाकत माथ्यावर पोचली. तिच्या धाकट्या भावाचा, स्तेर्योचा पंख तिनं तीनच दिवसांपूर्वी बाद केला होता. तोच पंख पसरून स्तेर्यो आता पट्टे आवळत होता. शेजारी हेल्मेट घालून बितोला शहरातल्या विक्तोरियाबाई उभ्या होत्या. साठाव्या वाढदिवसाला त्या स्तेर्योसोबत पहिल्यांदाच उडणार होत्या.

"स्तेर्यो, हा पंख बाद आहे!"

"तू बाद केलास, ताई, आजोबांनी पास केला. ही फुंकायची परीक्षा तर तुझीच आहे. फुंकून बघ ना!"

रुमेनाला हेच झोंबलं. दुकानात यायला सवड नसेल तर निदान फुंकून तरी बघा, असं तिनंच या सगळ्यांना शिकवलं होतं. तिनं फुंकलं. श्वास गेला नाही. पण ओठ गार लागले म्हणून तिनं कापडावरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

"आजोबा, गळ्यातला रुमाल द्या." तिनं रुमालातून श्वास आरपार जातो हे फुंकून दाखवलं, मग आजोबांसाठी आणलेल्या कॉफीच्या तबकातल्या पाण्याच्या पेल्यात तो बुडवला आणि पिळून पुन्हा फुंकलं. श्वास अडला. "वा! तुमचा रुमालही तरुण झाला, तोही नळाच्या पाण्यानं!"

हशा पिकला. आजोबा लालबुंद झाले. "माझं पाणी धाग्यात मुरतं! वाळलं तरी गुण जात नाही!"

"मग वाळू दे. वीस मिनिटं."

"वारा निघून जाईल, ताई!" स्तेर्यो चिडला.

"मी साठ वर्षं थांबले," विक्तोरियाबाई म्हणाल्या, "वीस मिनिटांनी काय बिघडतंय?"

ती वीस मिनिटं रुमेनाला बसवेना. ती येरझारा घालत होती, कापड चाचपत होती, भावाकडे बघत होती. हा हट्टानं उडालाच तर? शेवटी कापड कोरडं ठणठणीत झालं. स्तेर्योनं स्वतः फुंकलं. श्वास सुळकन पलीकडे गेला.

"शंकेनं कृपा निघून गेली!" आजोबा ओरडले.

"नेमकी पाण्याबरोबरच?" विक्तोरियाबाईंनी विचारलं.

रुमेनानं ओढ मोजणारा आकडीचा ताणकाटा काढला आणि आकडी कापडात अडकवून ओढू लागली. "चांगल्या कापडानं सहाशे ग्रॅम ओढ सोसायला हवी." काटा तीनशेवर पोचला आणि कापड चर्रकन फाटलं. स्तेर्योनं आवळलेले पट्टे सोडले. आजोबा बादली उचलून चालू लागले.

"ऐका," रुमेना म्हणाली. "कापडावरचा लेप झिजला की विणीतून हवा गळते. पाणी तेवढ्यापुरतं ती भोकं बुजवतं, पण कुजलेल्या धाग्यात बळ आणत नाही. उलट ओला पंख जड होतो, आणि हवेतच उडायचा थांबून कोसळू शकतो. फुंकायला मीच शिकवलं, पण अर्धवट शिकवलं. चूक माझी. आता पुरतं शिका. कापड कोरडं असतानाच तपासा, ओढूनही बघा. आणि पंख कुणीही पास केला, अगदी मीसुद्धा, तरी कशावरून म्हणून विचारा."

स्तेर्यो मान खाली घालून गेला आणि मित्राचा नवा पंख मागून घेऊन आला. विक्तोरियाबाईंनी आधी कापडावरून तळवा फिरवला, कोरडं असल्याची खात्री केली, मग फुंकून पाहिलं.

"आता तो काटा आणा," त्या म्हणाल्या.