दुसरा ट्रायपॉड

टक्.

दुपारच्या शांततेत एवढाच आवाज झाला. ठकी आतल्या खोलीत झोपली होती, सासूबाई खुर्चीत पेंगत होत्या आणि मी श्वास रोखून ट्रायपॉडच्या डोक्यावर ठेवलेल्या वाटीकडे बघत होते. वाटी काठोकाठ भरलेली. कोणी हात लावला नाही, वारा नाही, काही नाही. मागचा पाय आपणहून बोटभर आत सरकला, वाटी कलली आणि पाणी ओघळून फरशीवर आलं.

"सांडलं का?" सासूबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"सांडलं."

"कालपर्यंत तर सांडत नव्हतं."

तीच तर गोम होती.

मी एका चॅनेलसाठी स्वस्तातल्या वस्तू तपासते. ठकी झोपली की माझं ऑफिस उघडतं, ती उठली की बंद. बघणारे मला 'स्वस्तताई' म्हणतात. नवऱ्याला हे नाव ऐकून हसू येतं, पण मला ते अंगावर दागिना घातल्यासारखं वाटतं. दुसऱ्या कुठल्या नावानं मला कोणी ओळखत नाही. एक तर कुणाची आई, नाहीतर कुणाची सून.

माझी परीक्षा अगदी घरगुती. महागाचा कॅमेरा पणाला लावायचा नाही, त्याच्या जागी भरलेली वाटी ठेवायची आणि शेजारून ठकीला पळवायचं. ठकीच्या धावण्यानं ज्याच्यावरचं पाणी सांडत नाही, त्यावर खुशाल डोळे मिटून कॅमेरा ठेवावा.

कंपनीनं तपासायला पाठवलेला ट्रायपॉड या परीक्षेत पास झाला होता. पाय लांब करून क्लिप दाबली की ती खाडकन बसायची. डोकं हवं तिथे वळायचं आणि सोडलं तिथे थांबायचं. 'परवडेल आणि टिकेलही' असं मी व्हिडिओत बोलूनही टाकलं. फक्त तो मिटून पिशवीत घालतानाचं दृश्य घ्यायचं राहिलं होतं. तेवढ्यात ठकी उठली. तिच्या लेखी तो ट्रायपॉड नव्हता, जिराफ होता, आणि जिराफाला फिरायला न्यायचं होतं. जिन्यात तिच्या हातून जिराफ सुटला. धडधडत तळाशी जाऊन पडला तो पाय वाकवूनच. आधी ठकी रडली, मग मी. कारण तपासून झालं की वस्तू परत पाठवायची असते.

म्हणून मी गुपचूप बाजारात जाऊन दुसरा आणला. तीच पेटी, तोच रंग, तेच नाव. कुणाला कळणारही नव्हतं. वाटी ठेवली ती निव्वळ सवयीनं.

आता मी दोन्ही ट्रायपॉड फरशीवर आडवे घातले आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. कंपनीवाल्याच्या क्लिपमध्ये लोखंडी स्क्रू आणि नट होता. दुकानातल्याच्या क्लिपमध्ये प्लॅस्टिकची काडी. कंपनीवाल्याच्या पायांचे रबरी बूट फिरवून घट्ट बसवलेले, दुकानातल्याचे नुसते खोचलेले, ओढला की हातात. कॅमेरा जिच्यावर बसतो ती प्लेट दोन्हींची चकाकत होती. दुकानातल्याची मी नखानं खरवडली. चांदीसारखा रंग निघाला आणि खालून पांढरं प्लॅस्टिक दात विचकू लागलं.

मी शेठना फोन लावला. चॅनेल त्यांचं आहे, म्हणून आम्ही सगळे त्यांना शेठ म्हणतो.

"शेठ, कंपनीनं आपल्याला पाठवलेला ट्रायपॉड वेगळा आणि दुकानातला वेगळा."

"दुकानातला तुझ्याकडे कसा आला?"

मी सगळं सांगितलं, जिराफासकट. ते पोट धरून हसले. मग हसणं एकदम आटलं.

"म्हणजे माल तुझ्या पोरीनं मोडला आणि नावं तू कंपनीला ठेवतेस?"

"पाय सरकतोय तो मोडका नाही, शेठ. पेटीतून काढलेला कोरा आहे."

"हे बघ, आपण दिलेल्या मालाची परीक्षा करतो. दिलेला चांगला होता ना? संपलं. तू खोटं कुठे बोलतेस?"

"पण लोक दिलेला घेणार नाहीत. दुकानातला घेणार."

"तू आधीचाच व्हिडिओ टाक, आजच. नाहीतर मी दुसरी ताई बघतो. घरबसल्या काम हवं असलेल्या बाया काय कमी आहेत?"

फोन ठेवला तरी ते वाक्य कानात बसून राहिलं. खरंच कमी नाहीत. त्यातलीच एक शिवणकाम करणारी, रोज मेसेज करायची. तिला शिवणाच्या शिकवणीचे व्हिडिओ करायचे होते. भावाचा कॅमेरा हातापाया पडून मागून आणला होता. 'पडला तर भाऊ दारात उभं करणार नाही. ताई, तू हो म्हटलंस की मी ट्रायपॉड घेते.'

माझ्या 'हो'वर तिचा कॅमेरा उभा राहणार होता.

"काय म्हणतो तुझा शेठ?" सासूबाईंनी आता दोन्ही डोळे उघडले होते.

"काम जाईल म्हणतो."

मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे. पहिल्याच ट्रायपॉडला त्या म्हणाल्या होत्या, "तीन पायांवर उभं राहण्याचं एवढं काय कौतुक? मी दोन पायांवर तीन पोरं वाढवली."

त्या खुर्चीतून उठल्या, फरशीवरच्या दोन्ही ट्रायपॉडकडे वाकून बघत राहिल्या.

"लग्नाआधी तुला माझा मुलगा दाखवला होता. किती नीटनेटका होता, आठवतं?"

"आठवतं."

"तो कंपनीचा नमुना. तुझ्या घरात आला तो दुकानातला." मला हसू फुटलं, त्या मात्र हसल्या नाहीत. "मी केलं ते केलं. तू कशाला करतेस? व्हिडिओ काढायला फोन कशावर लावणार? हे दोघं तर समोर हवेत."

"तोच प्रश्न आहे, आई."

"आण इकडे. माझे हात अजून सरकत नाहीत."

त्यांनी दोन्ही हातांनी फोन माझ्यासमोर धरला. मी बोलू लागले. "हा कंपनीनं पाठवलेला. आमच्या जिन्यात पडून मोडला, चूक आमची. हा दुसरा मी आणला तो झाकपाक करायला. बरं झालं आणला." दोन्ही क्लिपा उघडून दाखवल्या. हातात आलेला रबरी बूट दाखवला. मग दुकानातला उभा करून त्यावर भरलेली वाटी ठेवली. तेवढ्यात ठकी डोळे चोळत बाहेर आली, वाटी भरलेली दिसली म्हणून न सांगता शेजारून पळाली आणि पाणी सांडलं. "हलका मोबाइल ठेवायचा असेल तर चालेल, पण मधला दांडा वर काढू नका. कॅमेऱ्यासाठी हा घेऊ नका. आणि माझं म्हणणं कंपनीला खोटं वाटत असेल, तर त्यांनी कुठल्याही दुकानात जावं, कुठलीही पेटी उचलावी, वर भरलेली वाटी ठेवावी. वाटी मी देते."

व्हिडिओ चॅनेलवर टाकला. शेठ काढतील हे माहीत होतं, म्हणून माझ्या स्वतःच्या पानावरही टाकला. फरशी पुसून होईपर्यंत चॅनेलवरून तो गेला, आणि त्याच्यासोबत स्वस्तताईही गेली. माझ्या पानावर मात्र व्हिडिओ आणि मी, दोघंही शाबूत होतो. शेठचा फोन वाजला. वाजू दिला. वाजून वाजून थकला.

मग मेसेज आला, 'नाही घेत गं ताई. वाचवलंस.'

ठकीनं वाकलेल्या जिराफाला माझी ओढणी पांघरली होती. ती येऊन मांडीत बसली.

"कुणाचा मेसेज?"

"एक शिवणवाल्या काकू आहेत. त्यांचा कॅमेरा पडणार होता, आता नाही पडणार."

"तू त्यांना माझं नाव सांगितलंस?"

"नाही गं राणी. जिना सांगितला नुसता."

तिनं समाधानानं डोकं माझ्या छातीवर टेकलं. मी तिच्या केसांत बोटं फिरवत राहिले. मला वाटलं, पुन्हा झोपली. मग मान उचलून तिनं जिराफाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

"आई, मी जिराफाला पाडलं नसतं, तर तू त्या काकूंना काय सांगितलं असतंस?"