सरावलेला हात

काचेवर बाहेरून चिकटवलेला लोकरीचा धागा... बोटभर, तांबडा, टोकाशी विसकटलेला. हेलिकॉप्टर हवेत सरळ चाललंय की तिरकं, हे तो सांगतो. आत्ता ते जमिनीवर होतं, पाती थांबलेली, वाराही नाही. तरी धागा हलल्यासारखा तिला वाटला – की डोळाच हलला आपला?

कागद सगळे पुरे होते. बारा वर्षं फवारणीचं विमान चालवलेलं, म्हणून लेखी परीक्षा माफ. जुन्या परवान्यावर हेलिकॉप्टरची नोंद चढवायला लागणारे उड्डाणाचे तास भरलेले, आणि काल प्रशिक्षकांनी – त्यांना सगळे मास्तरच म्हणत – लॉगबुकात सही केलेली : परीक्षेस तयार. आता परीक्षकांबरोबरचं उड्डाण तेवढं राहिलं होतं. मग सोमवारी बचाव पथकात रुजू व्हायचं.

पण काल, सहीच्या आधी, तिसऱ्या फेरीत भोंगा वाजला. म्हणजे पात्यांचा वेग पडतोय. डाव्या हातातला दांडा खाली घ्यायचा, बस्स, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. पण विमानातला भोंगाही, वेग फार घटला की, असाच ओरडतो, आणि तिथे नाक खाली दाबायचं असतं, बारा वर्षं दाबलेलं असतं... उजवा हात त्याच्यातल्या दांड्यासकट पुढे गेला. मी ढकलला नाही, तो गेला. अंग सीटवरून हलकं झालं. अशा वजन हरवलेल्या क्षणी पाती हेलिकॉप्टरचीच शेपटी छाटू शकतात – पुस्तकातल्या त्या पानावर तिनेच पेन्सिलीने दोन रेघा मारल्या होत्या. मग डावा हात जागा झाला. मास्तर तेव्हा वाकून पायाशी पडलेलं पेन शोधत होते.

“काय बाई, गुलूगुलू चाललंय का यंत्राशी?” मास्तर दारात उभे होते.

“मास्तर, काल तिसऱ्या फेरीत –”

“झकास होती! मधे जरा पोटात गोळा आला माझ्या, पण म्हटलं, वाकल्यामुळे असेल.” ते हसले. मग हळूच म्हणाले, “परीक्षकसाहेब आलेत. परतताना, टेकडी ओलांडली की मुद्दाम वेग पाडून भोंगा वाजवतात. दरवेळी तिथेच. मी काही सांगितलं नाही हं.”

टेकडीनंतर. म्हणजे हात तयार असेल. शहाण्यासारखा वागेल, साहेब मान डोलावतील, परवान्यावर नवी ओळ चढेल. सोमवारी मात्र टेकडी कुठे आहे हे कुणी सांगणार नाही, आणि मागे स्ट्रेचरवर कुणीतरी असेल, पट्ट्यांनी बांधलेलं, छताकडे पाहणारं...

सकाळपासून नापास होण्याची धाकधूक होती. ती आता कुठे गेली ते तिला कळेना. तिच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं, गार, गप्प.

परीक्षक शेजारी बसले. पट्टा लावत म्हणाले, “काही सांगायचंय का, निघण्याआधी?”

तिने धाग्याकडे पाहिलं. उजवा हात मांडीवरून उठून, तिला न विचारता, दांड्यावर जाऊन बसला होता.